पात्र, अपात्र आणि ईयोब

कास्तकाराने आत्महत्या केली की यवतमाळ जिल्ह्यात एक फाइल तयार होते. तिच्यात सातबारा असतो, कर्जखात्याचा उतारा असतो, पंचनामा असतो, गावातल्या चार जणांचे जबाब असतात आणि शेवटी समितीचा एक शब्द असतो : पात्र किंवा अपात्र. नापिकी, मान्यताप्राप्त संस्थेचं थकीत कर्ज, वसुलीचा तगादा या कसोट्यांना ते मरण उतरलं तर घरच्यांना एक लाख रुपये मिळतात. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. कर्ज बिनपरवाना सावकाराचं निघालं किंवा वावर बापाच्या नावावर निघालं की फाइल अडते. सरकारी पैसा वाटायचा तर काही कसोटी लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तो शब्द तहसीलच्या बाहेर पडून गावभर फिरतो त्याबद्दल. दारू प्यायचा. पोरीच्या लग्नात ऐपतीपेक्षा जास्त खर्च केला. घरात पटत नव्हतं. मयताच्या ओसरीवर बसायला आलेली भली माणसंसुद्धा मनातल्या मनात ही दुसरी फाइल भरत असतात, कारण दोष त्या माणसातच सापडला तर आपण सुरक्षित राहतो. वणी तालुका या बाबतीत जिल्ह्याहून वेगळा नाही. फक्त इथे कापसाच्या जोडीला कोळसा आहे, त्यामुळे फाइलींचे प्रकार वाढतात : खाणीतला अपघात, जमीन गेल्याचा मोबदला, पिकावर बसलेली काळी धूळ, वर्धा नदीचा पूर.

संकटात सापडलेल्या माणसाला ख्रिस्ती श्रद्धा काय सांगते, हा या लेखाचा विषय आहे. माझं म्हणणं असं की ती दुःखाचं कारण सांगत नाही. तिच्या मूळ ग्रंथात कारण सांगणाऱ्यांची फजितीच जास्त आहे. दुःखी माणसाला पात्र-अपात्र ठरवण्याचा अधिकार ती काढून घेते आणि त्याची तक्रार ऐकून घ्यायला लावते. अन्यायाविरुद्ध जे काही करायचं ते या ऐकण्यातून सुरू होतं. एकट्यानेच हे मांडलं तर प्रवचन होईल, म्हणून दोघांना बोलतं करतो. दोघेही कल्पित आहेत. एक वणीचे निवृत्त शिक्षक, शेतकरी आंदोलनात मुरलेले, देव न मानणारे. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. दुसरे एका छोट्या मंडळीचे पाळक. माणसं कल्पित असली तरी ती ज्या घटनांवर बोलतात त्या खऱ्या आहेत.

गुरुजी : पाळकसाहेब, तुमच्या माणसांबद्दल माझ्या मनात राग नाही. उमरीच्या मिशन हॉस्पिटलात या भागातल्या कितीतरी बाया बाळंत झाल्या, हे मी नाकारत नाही. पण तुमचं तत्त्वज्ञान मला पटत नाही. यवतमाळात १९५३ पासून तुमचं युनियन बिब्लिकल सेमिनरी होतं, देशभरातले पाळक तिथे शिकून जात. १९८३ साली ते पुण्याला गेलं. तीन वर्षांनी, १९ मार्च १९८६ ला, याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपेंनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. तुमचे विद्वान राहिले असते तर ते टळलं असतं असं म्हणण्याइतका मी खुळा नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या घराच्या दारात उभं राहून तुमचा धर्म काय बोलणार होता? प्रभूची इच्छा? देवाची योजना? सहा जणांच्या मरणात योजना पाहणाऱ्या देवाला मी नमस्कार करणार नाही, आणि तशी योजना समजावून सांगणाऱ्याला तर ओसरीवर बसूही देणार नाही. २०१७ च्या पावसाळ्यात काय झालं आठवा. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, बोंडअळीच्या धाकाने दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारत होते, वाफ थेट तोंडावर. जिल्ह्यात वीसहून जास्त कास्तकार आणि मजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले, काहींची नजर अधू झाली. आणि चर्चा कशाची? मजुरांनी मास्क घातला नव्हता, हातमोजे घातले नव्हते, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून फवारत होते. म्हणजे मेला तोच गुन्हेगार. तुमचा पापाचा सिद्धांत याहून काय निराळा आहे?

पाळक : गुरुजी, जे बोलणं तुम्हाला ओसरीवर नको आहे ते आमच्या ग्रंथालाही नको आहे. ईयोबाचं पुस्तक घ्या. नीतिमान माणूस, एका दिवसात गुरंढोरं, नोकरचाकर, दहा लेकरं गेली, मग अंगभर फोड. तीन मित्र भेटायला आले, अलीफज, बिल्दद आणि सोफर. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. त्यांच्या हातून झालेली चांगली गोष्ट तेवढीच. आठव्या दिवसापासून त्यांनी कारणं द्यायला सुरुवात केली, आणि पुढची कित्येक पानं ते तुमची ती गावातली फाइलच भरत बसले. देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, म्हणजे तू काहीतरी केलं असणार. बाविसाव्या अध्यायात तर अलीफज पुराव्याशिवाय पापं रचू लागतो : तू भावांकडून विनाकारण गहाण घेतलंस, तहानेल्याला पाणी दिलं नाहीस, विधवांना रिकाम्या हाताने परत पाठवलंस. यातलं एकही खरं नाही, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. आणि ईयोब काय करतो? शांत राहतो, देवाची इच्छा म्हणतो? पहिल्या दोन अध्यायांत म्हणतो, आणि आमचे उपदेशक तिथेच पुस्तक मिटतात. तिसऱ्या अध्यायापासून तो आपल्या जन्मदिवसाला शिव्या देतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा बोलतो, आमच्या दोघांत निवाडा करणारा कुणी नाही म्हणून चिडतो, आणि एकतिसाव्या अध्यायात आपल्या कैफियतीखाली सही करून उत्तर मागतो. शेवटी देव निकाल देतो तो असा : मित्र माझ्याविषयी खरं बोलले नाहीत, ईयोब बोलला. देवाची बाजू घेणारे तिघं हरले आणि देवाशी भांडणारा जिंकला.

गुरुजी : जिंकला म्हणता, पण त्याला मिळालं काय? त्याने विचारलं होतं, का? देवाने वावटळीतून उत्तर दिलं ते शहामृगाचं, रानगाढवाचं आणि समुद्रातल्या राक्षसाचं. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असा उलट सवाल. आमच्याकडे साहेबाला बोंडअळीच्या मदतीबद्दल विचारलं की तो जिल्ह्याचं बजेट किती मोठं आहे ते सांगतो, त्यातलाच हा प्रकार. आणि शेवट तर त्याहून वाईट. गुरं दुप्पट दिली, लेकरं पुन्हा दहा. मेलेली दहा कुठे गेली? लेकराच्या बदल्यात लेकरू, नवऱ्याच्या बदल्यात एक लाख. पात्र ठरल्यावर मिळणारी मदत आहे ही.

पाळक : हे पान आमच्यासाठीही सगळ्यात अवघड आहे, गुरुजी, आणि मी ते सोपं करून सांगणार नाही. लेकराची भरपाई होत नाही. एवढंच दाखवतो की त्या पानावर एक विचित्र तपशील आहे. नव्या मुलांपैकी मुलग्यांची नावंच दिलेली नाहीत. तिन्ही मुलींची दिली आहेत, यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक, आणि बापाने त्यांना भावांच्या बरोबरीने वतन दिलं असं लिहिलं आहे. त्या काळात मुलीला वारसा मिळायचा तो भाऊ नसेल तरच. इतकं सोसलेल्या माणसाने घरात पहिलं काही बदललं असेल तर ते जमिनीचं नाव.

इथे मला मध्ये बोलायला हवं. गुरुजींचा आक्षेप पाळकांनी परतवला नाही, बाजूला ठेवला, आणि तेच प्रामाणिक आहे. देवाचं उत्तर ‘का’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून टिकत नाही. ज्यांना ते टिकतं असं वाटतं त्यांनी पुस्तकाचा निकाल वाचावा, कारण निकालात देव आपल्या भाषणाचा हवाला देतच नाही, ईयोबाच्या बोलण्याचा देतो. पण तो मुलींचा तपशील वणीच्या वाचकाने सहज सोडू नये. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ महिलांची पाहणी केली. नवरा जी जमीन कसत होता तिच्यावर हक्क न मिळालेल्या बायका त्यांत सुमारे ४० टक्के निघाल्या. सासरा असतो, दीर असतो, फेरफार होत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलं की पीककर्ज नाही, विमा नाही, नुकसानीची मदत नाही. नवरा गेल्याचं दुःख भोगणाऱ्या बाईला कास्तकार म्हणून कागदावर जागाच नसते. कागदावरची तिच्या नावाची नोंद कुठल्याही प्रवचनापेक्षा मोलाची आहे, आणि प्राचीन इस्राएलमधल्या त्या अज्ञात लेखकाला ती सुचली होती, याचं मला आश्चर्य वाटतं.

गुरुजी : बरं, ग्रंथ चांगला आहे असं घटकाभर धरू. पण चालतं काय? तुमच्यातलेच लोक चंगाई सभा घेतात. मांडव घालतात, मोठा साउंड लावतात, आजारी माणसाला पुढे बोलावतात, आणि बरा झाला नाही तर सांगतात, तुझा विश्वास कमी पडला. म्हणजे परत अपात्र! आणि जीव दिलेल्यांचं तुम्ही शतकानुशतकं काय केलंत? दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलंत. रोमन कॅथलिकांच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला धार्मिक अंत्यविधी नाकारलेला होता. मेल्यावरसुद्धा फाइल बंद नाही.

पाळक : दोन्ही आरोप खरे आहेत. दुसरा थोडा पुढे नेतो. १९८३ च्या नव्या कायद्यातून ती बंदी काढली गेली, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात मनाच्या विकाराने, भीतीने, यातनेने माणसाची जबाबदारी कमी होते असं मान्य करून अशा मृतांसाठी प्रार्थना करायला सांगितलं. उशीर फार झाला, पण दिशा बरोबर होती, कारण ती मागे जाऊन येशूपाशी पोचते. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा येशूने लोकांना विचारलं की ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, आणि स्वतःच नाही म्हणून सांगितलं. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? उत्तर मिळालं, दोघांचंही नाही. चंगाईवाल्यांनी या दोन जागा रोज वाचाव्यात. आणि मरण मागणाऱ्याबद्दल म्हणाल तर एलीया संदेष्टा पाहा. राणीच्या धाकाने रानात पळाला, रतामाच्या झाडाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे, माझा जीव घे. देवदूत आला. त्याने उपदेश केला नाही, विश्वास कमी पडला असं म्हटलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवला. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा खायला घातलं, आणि पुढची वाट तुला झेपणारी नाही, एवढंच म्हणाला. बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी.

एलीयाच्या गोष्टीतला हा क्रम आजच्या मानसोपचारालाही मान्य व्हावा. पुरावा फार लांबचा नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलायचं, खचलेल्या माणसाला ओळखायचं, त्याला समुपदेशकापर्यंत न्यायचं. त्याचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट सायकायट्रीत आले. नैराश्य असलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. मी याचा अर्थ इतकाच घेतो की न्यायनिवाडा न करता शेजारी बसणारा माणूस ही भावनेची बाब नाही, तिचा परिणाम मोजता येतो. दारूबद्दल, खर्चाबद्दल, विश्वासाबद्दल आधी हजेरी घेणारा माणूस दिसला की खचलेला माणूस तोंड मिटतो. एवढं ज्याला कळलं त्याला अलीफजचा दोष कळला.

गुरुजी : मग झालं की! ‘विश्राम’मध्ये देव कुठे होता? गावातले कार्यकर्ते होते, समुपदेशक होते, औषधं होती. देव वजा केला तरी उत्तर तेच येतं. उलट देव घातला की एक धोका वाढतो. माणूस शांत होतो. जानेवारी २०१९ मध्ये आमच्या यवतमाळात साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं, मोठा गदारोळ झाला, आणि अखेर उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, नवरा गमावलेल्या याच जिल्ह्यातल्या एका कास्तकारणीने. त्यांनी भर मांडवात सांगितलं की माझा पुनर्जन्मावर विश्वास नाही, मला याच जन्मात जगायचं आणि लढायचं आहे. बस, हाच माझा धर्म. वर कुणीतरी अश्रू पुसणारा आहे म्हटलं की खाली कापसाचा भाव पाडणाऱ्याला कुणी विचारत नाही. तुमचा शेजारी बसणारा बसूनच राहतो.

पाळक : बसून राहतो हा आरोप मला लागतो, कारण आमच्या कितीतरी मंडळ्या खरंच बसून राहिल्या. पण ग्रंथाने तसं सांगितलेलं नाही. नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचा, गुरुजी, तुम्हाला तो कापूस आंदोलनाचा वृत्तांत वाटेल. दुष्काळ पडला आहे. लोक आणि त्यांच्या बायका ओरड करत येतात. कुणी म्हणतं, धान्यासाठी वावरं आणि द्राक्षमळे गहाण टाकले. कुणी म्हणतं, राजाचा सारा भरायला कर्ज काढलं. कुणी म्हणतं, पोरी दासी म्हणून गेल्या, आणि सोडवायचं म्हटलं तर वावर दुसऱ्याच्या ताब्यात. नहेम्या काय करतो? तुम्ही जास्त मुलं का जन्माला घातली, ऐपतीपेक्षा जास्त का खर्चलं, असं एका शब्दाने विचारत नाही. ओरड ऐकतो, संतापतो, विचार करतो, मग सावकारी करणाऱ्या सरदारांना तोंडावर दोष देतो आणि त्यांच्याविरुद्ध मोठी सभा भरवतो. वावरं, मळे, घरं परत करा, आणि पैशावर, धान्यावर, तेलावर जो शेकडा एक घेता तोही परत करा. नुसतं कबूल केलं म्हणून सोडत नाही, याजकांसमोर शपथ घ्यायला लावतो. यात परलोकाचा एक शब्द नाही. मोशेच्या नियमशास्त्रात दर सातव्या वर्षी कर्ज सोडायला सांगितलं आहे, कुणाचं जातं गहाण ठेवून घेऊ नका म्हटलं आहे, कारण जातं नेलं तर त्याचा जीवच गहाण पडतो.

गुरुजी : जुन्या करारातलं सांगता. अशी सावकारी बुडवलेली आमच्याकडेही आहे. दुष्काळात बायको-लेकरू गमावलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत टाकली असं सांगतात. त्यासाठी बाप्तिस्मा लागला नाही.

पाळक : लागला नाहीच. कवी ना. वा. टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. मक्तेदारीचा दावा मी करत नाही. गप्प बसवण्याचा दावा मात्र मान्य करणार नाही, आणि त्यासाठी महाराष्ट्रातलीच बाई पुरे आहे.

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई, आणि त्यांचं उदाहरण दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे, म्हणून जरा थांबून पाहतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि मोठी बहीण भुकेने गेली. अंगात विद्या होती, पुराण सांगून पोट भरायची सवय होती. होतं ते दानधर्मात आणि व्रतांत संपलं, अनुग्रह काही झाला नाही. मग १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. इतकं भोगलेल्या माणसाला श्रद्धेने शांत केलं असतं तर नवल नव्हतं. झालं उलट. बाप्तिस्म्यानंतर त्या इंग्लंडमधल्या आपल्या पाठीराख्या धर्मभगिनींशी आणि बिशपांच्या अधिकाराशी पत्रांतून भांडत राहिल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मदत छावण्या त्यांनी स्वतः फिरून पाहिल्या, तिथे तरुण मुलींचे काय हाल होतात ते पाहिलं, आणि शेकडो मुलींना केडगावच्या आपल्या आश्रमात आणलं. त्याच १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या गलथानपणाविरुद्ध त्यांनी बॉम्बे गार्डियनमध्ये जाहीर पत्र लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्टना त्याचा खुलासा करावा लागला. ख्रिस्ती बाई ख्रिस्ती सरकारविरुद्ध, तेही प्लेगच्या दहशतीच्या वर्षात. गुरुजींच्या ‘माणूस शांत होतो’ या म्हणण्याला ही गोष्ट बसत नाही. पाळकांनाही ती पूर्ण सोयीची नाही, कारण केडगावच्या त्या अनाथ मुलींचं धर्मांतर झालं, आणि पोट भरणारा हात व बाप्तिस्मा देणारा हात एकच असेल तर संशय येणं रास्त आहे.

गुरुजी : तेच विचारणार होतो. १९५४ साली मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती नियोगींची समिती नेमली. तेव्हा आपलं वणीही मध्य प्रदेशातच होतं. समितीचा १९५६ चा अहवाल मी वाचला आहे. दवाखान्याचा, शाळेचा वापर धर्मांतराचं साधन म्हणून होऊ नये, ही त्यांची शिफारस मला आजही पटते. दुःखी माणूस दुबळा असतो. त्याच्या शेजारी बसायचं आणि खिशात फॉर्म ठेवायचा, हे बसणं नव्हे.

पाळक : मलाही पटते. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, त्यांतला एकच परत आला. नऊ आले नाहीत म्हणून त्यांचा रोग परतला असं लूक लिहीत नाही. भाकर देताना जो परतफेड धरतो तो अलीफजचाच भाऊ आहे, त्याच्याही डोक्यात पात्र-अपात्र चालू असतं. अहवालातलं बरंच मला एकांगी वाटतं, पण ही मर्यादा मी माझ्या मंडळीला घालून देईन.

आता राहतो तो मुख्य आक्षेप, जो गुरुजींनी पहिल्या झटक्यात केला होता. देव सर्वसमर्थ असेल आणि चांगला असेल तर हे का चालू देतो? पाळकांनी याला उत्तर दिलेलं नाही आणि मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. ख्रिस्ती विचारवंतांनी दिलेली उत्तरं आहेत. माणसाचं स्वातंत्र्य अबाधित राहावं म्हणून, दुःखातून चारित्र्य घडतं म्हणून, पुढे सगळ्याचा हिशोब होणार आहे म्हणून. पहिलं उत्तर भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला लागू पडतं, गारपिटीला नाही. दुसरं स्वतःच्या दुःखाबद्दल बोलणाऱ्यालाच शोभतं. दुसऱ्याला ऐकवलं की ते क्रूर होतं. तिसऱ्यावर विश्वास ठेवता येतो, ते सिद्ध करता येत नाही. या तिन्हींपेक्षा मला ग्रंथाचं दुसरंच एक धोरण जास्त खरं वाटतं : उत्तर नसताना प्रश्न प्रार्थनेच्या पुस्तकातच ठेवून देणं. स्तोत्रसंहितेतल्या तक्रारीच्या स्तोत्रांपैकी बहुतेक शेवटी आशेकडे वळतात, अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही, अंधारातच संपतं. कुणी संपादकाने त्याला आशेची शेपटी जोडली नाही, आणि दोन हजारांहून जास्त वर्षं लोक ते उपासनेत म्हणत आले. वधस्तंभावरचा येशूही बाविसाव्या स्तोत्रातून ‘का’च विचारतो, मार्क आणि मत्तय दोघेही ते लिहून ठेवतात आणि उत्तर लिहीत नाहीत. गुरुजी म्हणतील, यातून देव आहे हे सिद्ध होत नाही. बरोबर, होत नाही. एवढंच होतं की पोरगं गमावलेली बाई चर्चमध्ये आली आणि देवावर ओरडली तर ती धर्माबाहेर जात नाही, आणि तिला ‘असं बोलू नये, बाई’ म्हणून दटावणारा पाळक मात्र जातो. गुरुजींच्या चळवळीत त्या बाईला निवेदन देता येतं, मोर्चात चालता येतं, आणि ते थोडं नाही. रात्री दोन वाजता कुणाला विचारायचं, हा प्रश्न तिथे शिल्लक राहतो. गुरुजी त्याला प्रश्न मानत नाहीत. मी मानतो, आणि आमचा मतभेद इथे मिटणारा नाही.

गुरुजी : ठीक आहे, देवाचं तुमच्याकडे ठेवा. मी कामाचं बोलतो. तुम्ही मघा त्या तीन मुलींच्या वतनाचं सांगितलं. तुमच्या मंडळीत तहसीलचे अर्ज वाचता येणारे किती जण आहेत?

पाळक : चार-पाच असतील. एक जण खाणीच्या ऑफिसात कारकून आहे, दोघी शिक्षिका आहेत. पण या कामात आम्ही कधी पडलो नाही, हे खरं आहे. नवरा गेला की आम्ही घरी जातो, प्रार्थना करतो, किराणा पोचवतो, पंधरा दिवसांनी परत जातो. फेरफाराचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

गुरुजी : मग किराण्यासोबत वारसाचं प्रतिज्ञापत्र न्या. मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, सातबारा, आठ-अ. तलाठी अर्ज घ्यायला नाही म्हणाला तर पोच मागायची, पोच दिली नाही तर मंडळ अधिकाऱ्याकडे जायचं. दीर आडवा आला तर मला बोलवा, दिराशी बोलायचं माझ्यावर सोडा. आणि एक अट. ती बाई तुमच्या मंडळीतली आहे की नाही, हे अर्जाच्या आधी विचारायचं नाही.

पाळक : नंतरही विचारणार नाही, गुरुजी. पण कुणी प्रार्थना करा म्हटलं तर मी करीन.

गुरुजी : करा नं. मी तोवर झेरॉक्स काढून आणतो.